हिरव्या साडीतलं दर्शन

नवरात्रातल्या हिरव्या दिवशी मी हिरवा शालू नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, हातात हिरवा चुडा भरून हिरव्या पडद्यासमोर बसले आणि थेट प्रक्षेपणात साऱ्या नगरला माझं नुसतं तोंड आणि हातांचे तुकडे दाखवले. बाकीची मी नव्हतेच. हा गाढवपणा आधीच कबूल करून टाकते. नाहीतरी आमच्या घरी तो प्रत्येक नव्या पाहुण्याला चहाबरोबर सांगतात, आणि सांगणारा दर वेळी त्यात पदरचं काहीतरी घालतो.

ज्यांना स्टुडिओतलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. मागे हिरवं कापड ताणलेलं असतं. कॅमेऱ्याला जिथे तो हिरवा रंग दिसेल तिथे कॉम्प्युटर दुसरं चित्र भरतो. म्हणजे आपण बसायचं टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत, आणि लोकांना वाटायचं बाई देवळात बसल्यात. आता माझी नात मोबाईलवर हेच कापडाशिवाय करते. परवा तिने मला भांडी घासताना समुद्रकिनाऱ्यावर उभं केलं. आमच्या वेळी कापड लागायचं, आणि त्या कापडाच्या रंगाचं काही अंगावर असलं की तेवढं अंग जायचं.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. सांगितलं होतं. ऐकून मी फुगून बसले होते.

पण त्याआधी रेडिओ. टीव्हीच्या नादी लागण्यापूर्वी पंधराएक वर्षं मी रेडिओवर बोलत होते. कायमची नोकरी नव्हे. ठरलेल्या ड्यूट्या मिळायच्या, त्या करायच्या आणि घरी यायचं, अशा उद्घोषकांपैकी मी एक. संध्याकाळ बहुतेक माझ्याकडे असे. शेतकऱ्यांचा कार्यक्रम, बाजारभाव, हवामान, मग गाणी. चप्पल बाहेर काढायची, पाण्याचा घोट घ्यायचा, माइक चालू करायचा फेडर वर सारायचा आणि कोणालाही न दिसता बोलायला लागायचं. साडी चुरगळलेली चालायची, केस तेलाने चोपडलेले चालायचे. एकदा दाढ सुजून गाल भोपळ्यासारखा झाला असताना मी कांदा साठवायच्या चाळीबद्दल मुलाखत घेतली, तर शेवगावच्या एका श्रोत्याने ‘आज बाईंचा आवाज भारदस्त लागला’ म्हणून कळवलं. इतकी सुखाची जागा मी सोडायला निघाले होते, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

सोडायला निघाले ती मंडईमुळे. मी “मेथी कशी दिली?” म्हटलं की भाजीवाली चटकन मान वर करायची.

“रेडिओवाल्या बाई का तुमी?”

मी पदर सावरून होय म्हणायची. मग ती मला वरपासून खालपर्यंत बघायची, आणि खालपर्यंत पोचायला फार वेळ लागायचा नाही, कारण मी ठेंगणी.

“आवाजावरनं उंच वाटता.”

हे वाक्य मी मेथीबरोबर पिशवीत घालून घरी आणायची. एकीने तर माझ्या तोंडावर सांगितलं, “बाई, आवाज लई गोरा हाय तुमचा.” मी सावळी. आरशापुढे उभी राहून मी स्वतःला पटवायची की लोकांनी एकदा नीट बघितलं तर त्यांचं मत बदलेल. कोणाचं मत, कशाबद्दलचं, हे काही मला धड सांगता आलं नसतं.

आणि खरं सांगायचं तर सगळ्या जिल्ह्याचं मत मला नकोच होतं. मला एकाच बाईचं मत हवं होतं, आणि ती बाई काही बोलत नव्हती.

ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. त्या नेवाशाकडे, प्रवरेकाठच्या गावी माझ्या धाकट्या दिराजवळ राहायच्या. आमचे हे नगरला हायस्कुलात शिक्षक, म्हणून आम्ही शहरात. गावाकडे ऊस, दारात चिंच, गोठ्यात म्हशी, मेढीच्या खांबाला टांगलेला दिराचा जुना रेडिओ, चुलीपुढे जाऊ, आणि या सगळ्यांवर आत्या. मी रेडिओवर जायला लागले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “बाईमानसाचा आवाज उंबऱ्याभाईर जाऊ ने म्हनत्यात. तू तर पार येशीभाईर घालवला.” रागावून नव्हे. आभाळ कुठून भरून आलंय हे सांगावं तसं. त्यानंतर माझ्या कामाबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. गावी गेलं की त्या उसाच्या तोडीवर बोलायच्या, म्हशीवर बोलायच्या, माझ्या भाकरीचे काठ जाड राहतात यावर तर सविस्तर बोलायच्या. रेडिओ हा विषयच नाही.

मला त्यांच्या तोंडून एक शब्द हवा होता. बरं बोलतेस, वाईट बोलतेस, काहीही. तो मिळावा म्हणून मी शेतीच्या कार्यक्रमात मुद्दाम म्हशींचे विषय घुसवले. जनावरांच्या डॉक्टरला स्टुडिओत बसवून मी पान्हा, चारा, गोचीड असं काय काय विचारलंय! आणि ड्यूटी संपली की गावी जावेला फोन.

“आत्यांनी ऐकलं का गं?”

“त्या गोठ्यात हुत्या, जाऊबाई.”

उत्तर ठरलेलं. दर वेळी गोठ्यात. मी त्याचा अर्थ लावून ठेवला होता की माझा आवाज लागला की म्हातारी उठून जाते. हा अर्थ मी यांना ऐकवायची, डोळ्यांत पाणी आणून. हे पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, “दिवेलागणीला म्हशीकडे नाही जाणार तर काय ग्रामपंचायतीत जाणार?”

अशात नगरमध्ये जिल्हाभर दिसणारं एक केबलचं चॅनेल निघालं. मालक पूर्वी घरोघर शिडी घेऊन केबल जोडत फिरायचा. त्याने मला गाठलं. “मॅडम, तुमचा आवाज आमच्या आईच्या ओळखीचा आहे. नवरात्रात नऊ दिवस बसा. जमलं तर पुढे रोजच्या बातम्या तुमच्याच.” मी विचार करून सांगते असं म्हणायचं ठरवलं होतं, पण तोंडातून आधी ‘कधीपासून?’ गेलं. तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडलेली, आम्ही थोरल्या मुलीच्या लग्नाचं बघत होतो. तशात मी नवरीसारख्या भुवया कोरून आले. रेडिओ केंद्रात जाऊन ऐटीत सांगितलं की यापुढे माझ्या संध्याकाळच्या ड्यूट्या दुसऱ्या कोणाला द्या. माझ्याबरोबरच्या उद्घोषिकेने कारण विचारलं, तर मी म्हटलं, “आता नुसत्या आवाजावर भागायचं नाही.” हे वाक्य आठवलं की आजही माझी पायाची बोटं आपोआप आवळली जातात.

गावी बातमी यांनी कळवली. फोन ठेवून हे म्हणाले, “आईचा निरोप आहे. टीव्हीत बसायचं तर डोक्यावर पदर पाहिजे म्हणावं.”

दुसरी कोणी चिडली असती. मला उकळ्या फुटल्या. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल त्यांनी पहिल्यांदा काहीतरी सांगितलं होतं. पदराची अट घालते म्हणजे बाई बघणार!

चॅनेलचा कॅमेरामन एरवी लग्नांचे व्हिडिओ काढायचा. पहिल्या दिवशी माझ्यावर दिवे लावता लावता तो म्हणाला, “मॅडम, रोज कुठलाही रंग नेसा, तेवढा हिरवा फक्त नको.”

आता नवरात्रात रोजचा एक रंग ठरलेला असतो. पेपरात छापून येतो, आणि बँकेतल्या, शाळेतल्या, एसटी स्टँडवरच्या बायका तो नेसून फोटो काढतात. त्या वेळी हे खूळ नवीन होतं, आणि नव्या खुळात मी मागे राहिले असं कधी झालेलं नाही. तर ‘हिरवा नको’ हे शब्द ऐकून माझ्या डोळ्यांपुढे कॉम्प्युटर आला नाही, माझी मावशी आली. “सावळ्या अंगाला हिरवं उठून दिसत नाही, हिला हिरवं घेऊ नका,” असं म्हणून तिने माझं अख्खं बालपण किरमिजी करून टाकलं होतं. दर दिवाळीला पोपटी परकर चुलत बहिणीला, मला किरमिजी. मला वाटलं, हा कालचा माणूस मला माझा रंग दाखवतो! कारण विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं. मी मान उडवून “बघू” म्हटलं. त्याला वाटलं बाईंना समजलं.

पहिले चार दिवस झकास गेले. मागे देवीचं कोणतंतरी देऊळ, पुढे मी, डोक्यावर पदर. लोक फोन करून आरती सांगायचे, नवस बोलायचे, मी गोड बोलायची. घरी आलं की जावेला फोन.

“आत्यांनी बघितलं का?”

“गोठ्यात हुत्या.”

पाचवा दिवस हिरव्याचा. मी कपाटातून माझ्या लग्नातला शालू काढला. तो आत्यांनीच घेतलेला. म्हटलं, आज तरी जाऊ त्यांना ओढून आणेल, ‘तुमचा शालू नेसल्यात’ म्हणून. कॅमेरामन त्या दिवशी जत्रेचं शूटिंग करायला बाहेर गेला होता. कॅमेऱ्यामागे मालकाचा मेव्हणा, भला दांडगा गडी, कॅमेऱ्यापेक्षा वड्यांकडे लक्ष जास्त. मला दिसेल असा टीव्ही तिथे नव्हता. म्हणजे होता, पण तो मेव्हण्याकडे तोंड करून ठेवलेला. मेव्हण्याने सुरू झाल्याझाल्या सगळं पाहिलं. तो गप्प का बसला, हे नंतर त्याने फार प्रामाणिकपणे सांगितलं: “मला वाटलं मॅडमनी आज काहीतरी स्पेशल करायला सांगितलंय.”

स्पेशल झालं होतंच. मागचं चित्र होतं देवीच्या गाभाऱ्याचं. समया, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. शालू गेला, चोळी गेली, डोक्यावरच्या पदराने केसही नेले. उरलं ते ठसठशीत कुंकवाचं, नथ घातलेलं तोंड, बरोबर दोन समयांच्या मधे. आमच्याकडे कितीतरी गावांत देवी अशीच असते. तांदळा म्हणतो आम्ही. धड नाही, हातपाय नाहीत, नुसता शेंदराचा मुखवटा, त्याला डोळे आणि नथ. दिवेलागणीला, उपासाच्या पाचव्या दिवशी, टीव्ही लावल्याबरोबर तसा मुखवटा समोर येऊन बोलायला लागला तर माणसाने काय समजावं?

पहिला फोन पाथर्डीकडच्या एका बाईंचा.

“आई, दर्शन झालं गं बाई. डोळं भरून दर्शन झालं.”

मी मनात म्हटलं, काय हे प्रेम! “तुमच्यासारख्या लोकांमुळेच आम्ही आहोत,” मी म्हटलं.

“आई, माझ्या लेकीचं लगीन जमू दे.”

“जमणार हो, नक्की जमणार. काळजी करू नका.”

“ह्या साली जमू दे.”

“याच साली,” मी म्हटलं आणि दोन्ही हात जोडले. पुढे कळलं, चुड्यामुळे माझे पंजे मनगटापासून तुटून हवेत एकत्र आले होते.

दुसरा फोन पुरुषाचा.

“मॅडम, एक विचारू का?”

“विचारा ना, दादा.”

“तुमचं धड कुठं गेलं?”

मी हसले. म्हटलं, थट्टेखोर आहे कोणी. मग मेव्हण्याच्या तोंडाकडे बघितलं. मग उठून तो टीव्ही माझ्याकडे वळवला. उठताना माझं तोंड समई ओलांडून कळसापर्यंत गेलं, असं म्हणतात. मी एवढंच पाहिलं की गाभाऱ्यात माझं तोंड उघडं पडलंय आणि ते मिटायचं मला सुचत नाहीये. मेव्हण्याने घाईघाईने जाहिरात लावली. दसऱ्यानिमित्त साड्यांचा भव्य सेल.

मालक रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसत होता. “मॅडम, फोन थांबेनात! उद्यापण हिरवं नेसता का?” मग माझा चेहरा बघून म्हणाला, “बरं, उद्या येणार का नाही तेवढं दुपारपर्यंत कळवा.” मी तिथल्या तिथे सांगणार होते की नाही येणार. पण तोवर तो वाजणाऱ्या फोनकडे धावला होता.

घरी यांनी दार उघडलं. पाहिलं होतं सगळं. “धड गेलं तरी बोलणं थांबलं नाही, हे मात्र मानलं,” म्हणाले आणि पिठलं टाकायला आत गेले. त्या दिवशी मी गावी फोन केला नाही. फोन जावेचाच आला, आणि ती इतकी हसत होती की मला दोनदा ‘काय?’ म्हणावं लागलं.

“जाऊबाई, निम्मी वस्ती आपल्या घरात! शेजारची म्हातारी टीव्हीपुढं नारळ घिऊन बसली. कुनीतरी गोठ्यात जाऊन आत्यांना सांगितलं, चला, तुमच्या टीव्हीत देवी आलीया. आत्या तशाच आल्या, धारंचे हात घिऊन.”

“मग?”

“उभ्या ऱ्हायल्या. दोन शब्द आयकले. आन म्हनल्या, ‘देवी कसली? आमची थोरली हाय ती. उचला त्यो नारळ, चटनीला लागंल.’ आन गेल्या परत गोठ्यात.”

मी फोन ठेवला. पंधरा वर्षांनी त्यांनी मला एकदा पाहिलं, आणि ते असं. त्यावर त्यांचं म्हणणं काय, ते तर कळलंच नाही. मी ठरवलं की सकाळी गावी जायचं आणि त्यांच्यासमोर सांगायचं, सोडते सगळं. त्या ‘बरं झालं’ म्हणतील. तोही एक शब्दच की.

सकाळच्या एसटीने नेवासा फाटा, तिथून जीप. दारात शेजारची म्हातारी भेटली, तिने कालच्या भरात माझ्या पायाला हात लावला आणि मग स्वतःच जीभ चावली. आत घटाजवळ आत्या बसल्या होत्या. घटाभोवतीचं धान वीतभर आलं होतं, आणि त्या सहाव्या माळेसाठी कारळाची पिवळी फुलं ओवत होत्या. मला बघून त्यांनी फुलांची पाटी थोडी सरकवली, म्हणजे बस. मी बसले. जाऊ दाराआड उभी, हसू दाबून.

थोडा वेळ आम्ही दोघींनी फुलं निवडली. मग मी जे पाठ करून आले होते ते सगळं विसरले आणि भलतंच बोलले.

“आत्या, मी सोडते टीव्ही. रेडिओवर होते तेव्हा माझा आवाज लागला की तुम्ही उठून गोठ्यात. टीव्हीवर बसले तरी तुम्ही गोठ्यात. तुमचा शालू नेसले, तुम्ही सांगितला तसा पदर घेतला, आणि एक दिवस तुम्ही बघितलंत तर मी ही अशी. काय चुकलं माझं ते तरी सांगा.”

हे बोलताना मी रडत होते, आणि नाक पुसायला हाताशी होतं ते घटावरचं सोवळं फडकं. तेही मी वापरलं.

टीव्ही मी सोडला नाही. त्याच संध्याकाळी परत येऊन राखाडी साडीत बसले, आणि पुढे बरीच वर्षं रात्रीच्या बातम्या दिल्या. पण नवरात्र उठल्यावर रेडिओ केंद्रात जाऊन, त्या उद्घोषिकेसमोर मान खाली घालून, माझ्या संध्याकाळच्या ड्यूट्याही परत मागून घेतल्या. आज घरात बसलेय तरी लोक विचारतात, चेहरा दिसायला लागल्यावर बाई परत न दिसणाऱ्या जागी कशाला गेल्या? मी आवाजाची साधना वगैरे काहीतरी सांगते, ते ऐकायला बरं वाटतं. कारण वेगळं होतं. आत्यांनी माळेची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, आणि म्हणाल्या,

“कोन उठून गेलं? गोठ्यात मेढीला रेडिओ टांगलाय त्यो का शोभंला? तू बोलाया लागलीस की म्हस पान्हा सोडती, न्हाईतर लाथ झाडती. आदी हिची आय तशी, आता ही तशी. पंधरा वरसं तुज्या आवाजावर धारा काढल्या मी. आन तू गेलीस टीव्हीत बसाया, तवापास्नं म्हस आडून बसलीया. आता टीव्ही का गोठ्यात नेऊ मी?”